मॅच चालू असताना बाहेरचं कोणी मधे आलं तर? नवीन सॉफ्टबॉल अंपायरसाठी

रूलबुकात प्रेक्षक स्टँडमधे बसलेले असतात. आपल्याकडे नवी मुंबईत नेरूळ, कोपरखैरणेला सेक्टरच्या मैदानात एका कोपऱ्यात डायमंड (चार बेसचा चौकोन) आखलेला, बाजूला टेनिस क्रिकेटच्या दोन-तीन मॅचेस, कडेने वॉकवाले काका-काकू आणि स्टँड म्हणजे पोरांच्या आईबाबांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, त्याही दर इनिंगला सावलीबरोबर पुढे सरकणाऱ्या. त्यामुळे इथे बाहेरची ढवळाढवळ होणारच असं धरूनच उभं राहायचं.

अर्धं काम मॅचच्या आधीचं आहे. अर्धा तास लवकर जाऊन स्वतः एक फेरी मारा. फाउल लाइनच्या बाहेर 25 ते 30 फूट मोकळी जागा पाहिजे, ती झाली की तिथे फक्कीची दुसरी लाइन मारून घ्या, त्याच्या पलीकडे गेलेला बॉल डेड, म्हणजे खेळ तिथेच थांबला. खुर्च्या, सायकली, बॅगा सगळं त्या लाइनच्या मागे. राइट फील्डवर झाडाची फांदी येत असेल तर दोन्ही कोचना तिथे उभं करून दाखवा, बॉल लागला तर काय देणार ते आत्ताच ठरवा आणि स्कोअररला लिहायला सांगा. हे नाही केलं तर पाचव्या इनिंगला तेच झाड तुमच्या डोक्यावर पडणार.

आता माझाच किस्सा. रनर फर्स्टवर, बॅटरने उजवीकडे मस्त फेअर बॉल (फाउल लाइनच्या आतला) मारला आणि वॉक घेणाऱ्या एका काकांनी तो पायाने अडवून, वर उचलून फील्डरला प्रेमाने दिला, "घे बाळा!" मी बघतच राहिलो, दोन सेकंद तोंडातून आवाज नाही, तेवढ्यात रनर थर्डला आउट आणि मग जी बोंबाबोंब झाली ती विचारू नका. करायला काय हवं होतं? काकांचा पाय लागला त्याच क्षणी दोन्ही हात वर, मोठ्याने "डेड बॉल". नंतरचं काहीच धरायचं नाही, तो आउटसुद्धा नाही. मग एकच प्रश्न, काका नसते तर कोण कुठे पोचलं असतं? रनर सेकंड वळून सुसाट निघाला होता, फील्डर अजून लांब होता, म्हणजे थर्ड द्यायचा. म्हणून नजर नुसती बॉलवर नको, अडवला तेव्हा रनर कुठे होते ते डोक्यात पक्कं पाहिजे. हे ठरवताना पब्लिककडे बघायचंच नाही, तिकडून होम रनच्या खाली कोणी बोलत नाही.

कॅचचं सोपं आहे, फक्त ती फक्कीची दुसरी लाइन बघा. प्रेक्षकाने लाइनच्या आत हात घालून होणारा कॅच घालवला तर डेड बॉल, बॅटर आउट, बाकीचे रनर तुमच्या अंदाजाने. पण फील्डरच खुर्च्यांवर झुकला आणि तिथे कोणाचा हात लागला तर काही नाही, ती जागा प्रेक्षकाची, कॅच सुटला म्हणून कोणाला दोष नाही.

बॉल आपला आपण बाहेर गेला तर मात्र अंदाज चालत नाही, तिथे हिशोब ठरलेला. फेअर बॉल टप्पा पडून त्या दुसऱ्या लाइनबाहेर गेला तर पिच टाकताना जो जिथे होता तिथून दोन बेस. फील्डरचा थ्रो बाहेर गेला तर हातातून बॉल सुटला त्या वेळेपासून दोन बेस. नवीन लोक हे दोन हमखास उलटे करतात.

बॅटिंग टीमची बॅट, हेल्मेट आत पडलंय आणि बॉल त्यावर आपटला, हा बाहेरचा नाही तर घरचाच घोळ. त्यामुळे कोणाला आउट करायचं राहिलं असेल तर तो रनर आउट, तसं काही नसेल तर रनर शेवटी शिवलेल्या बेसवर परत. म्हणून मी दर बॅटरनंतर बॅट उचलायला लावतो, पोरं वैतागतात, वैतागू देत.

शेजारचा टेनिस बॉल नुसता घरंगळत आला तर खेळ लगेच थांबवू नका, चालू प्ले संपू दे मग "टाइम". पिचरच्या हातातून बॉल सुटायच्या आधी कुत्रं घुसलं तर हात वर करून टाइम घ्या, त्यानंतरही पिचरने टाकलाच तर नो पिच, म्हणजे तो बॉल धरायचाच नाही. लहान मूल रनरच्या वाटेत आलं तर मात्र मी कसलाही विचार न करता थांबवतो, बेसचं नंतर बघू.

कोच तावातावाने येणारच. आधी बेस अंपायरला बाजूला घेऊन त्याने काय बघितलं ते विचारा, मग कॉल एकदाच, दोन्ही डगआऊटला ऐकू जाईल असा. कोण कुठे पोचलं असतं हा तुमचा अंदाज, त्यावर प्रोटेस्ट (लेखी हरकत) होत नाही. नियमच चुकीचा लावला असं त्यांचं म्हणणं असेल तर पुढच्या पिचच्या आधी प्रोटेस्ट घेता येतो, तो निमूट स्कोअरशीटवर लिहून घ्यायचा. आणि काकांना बाहेर काढायला स्वतः जाऊ नका, आयोजकांच्या एखाद्या पोराला पाठवा, ते लाइनच्या पलीकडे गेलेले दिसले की मगच "प्ले बॉल".