चीनमधल्या हान राजवटीच्या काळातले शिलालेख पाहताना नजर कुठे ठेवाल?

‘लीशू’ ही चिनी लिपी ओळखायची पहिली खूण म्हणजे अक्षराची बैठक. अक्षर उंचीपेक्षा रुंद, जणू पाट मांडून बसलेलं. दुसरी खूण आडव्या रेघेत. सुरुवात रेशमाच्या अळीच्या डोक्यासारखी गोल, शेवट हंसाच्या शेपटीसारखा वर उचललेला. एका अक्षरात अशी शेपटी एकदाच येते. ‘तीन’ हे अक्षर बघा: तीन आडव्या रेघा, पण वरच्या दोन साध्या आणि फुलारा फक्त खालचीला. हा संयम दिसला की लीशू आवडायला लागते.

मग दोन शिलालेख शेजारी ठेवा. शीआनच्या शिलालेख संग्रहालयातला त्साओ छ्वान (इ.स. १८५) गोलसर, हातपाय पसरलेला. शानतोंगमधल्या ताईआनचा जांग छ्येन (इ.स. १८६) चौकोनी, ठोकळेबाज, भारदस्त. अंतर एका वर्षाचं, स्वभाव अगदी वेगळे.

शिलालेखाच्या कागदी ठशावर पांढरं दिसतं ते कोरलेलं. ओला कागद दगडावर चिकटवून खाचांत ठोकतात आणि वरून शाईची पुरचुंडी थापतात. खाचेत शाई पोचत नाही. नवख्याची चूक इथेच होते: झिजलेल्या दगडाची फाटकी कड त्याला मूळ लिहिणाऱ्याच्या कुंचल्याची लकब वाटते. म्हणून तीच रेघ त्याच लेखातल्या दुसऱ्या अक्षरात शोधा. वळण तिथेही तसंच असेल तर ते बहुधा कुंचल्याचं; एकाच जागी असेल तर आधी दगडाच्या झिजेचा संशय घ्या. जुन्या ठशाची प्रत मिळाली तर तीच आधी पाहा, कारण त्या वेळी दगड कमी झिजलेला होता.