हाक मारली तरी कुत्रा येत नाही? या चुका टाळा

आमच्या घरी बीगल आहे, बिस्किट. फ्रीजचं दार उघडलं की आतल्या खोलीतून धावत येणारा हा पोरगा सोसायटीच्या बागेत गेला की बहिरा झाल्यासारखा वागायचा. अशोकाच्या बुंध्याशी मांजराचा वास लागला की नाक मातीत, शेपटी ताठ. मी पाच पावलांवरून ओरडतेय, "बिस्किट, ये, ये, अरे ये ना!" आणि त्याचा कानही हलत नाही. मला वाटायचं, हट्टीपणा करतोय. पण बीगल ही जात इंग्लंडमध्ये वासावरून सशाचा माग काढण्यासाठीच जोपासली गेली. वास लागला की त्याला दुसरं काही सुचत नाही. आपल्याकडचा कारवान जातीचा कुत्रा नजरेवर शिकार करणारा, त्याला पळतं मांजर दिसलं की तो सुटलाच. अशा कुत्र्यांनाही हाकेला यायला शिकवता येतं, मात्र आपल्या सवयी आधी बदलाव्या लागतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खेळ संपवायलाच हाक मारणं. बागेत तो मोकळा फिरतोय, आपण बोलावलं, आला, लीश अडकवली आणि घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आंघोळीला, कान साफ करायला, नखं कापायलाही हाकच. आठवडाभरात त्याला कळतं की गेलो की मजा संपते. बिस्किटचं नेमकं हेच झालं होतं. आता मी बागेत त्याला दहादा बोलावत असेन, तर आठ-नऊ वेळा खाऊ देऊन, पाठ थोपटून, "जा, खेळ" म्हणून सोडून देते. लीशही कधीकधी नुसती अडकवते आणि लगेच काढते. आंघोळीसाठी हाक मारतच नाही, सरळ जाऊन घेऊन येते.

घरात प्रत्येकाचा शब्द वेगळा असणं हीसुद्धा चूकच. आजी "ये रे बाळा" म्हणते, मुलगा "कम", मी नुसतं नाव घेते. त्याने काय समजायचं? जुना शब्द दहादा ओरडून वाया गेला असेल तर तो सोडून द्या, नवा घ्या. आम्ही "इकडे" घेतला. तो एकदाच म्हणायचा. नाही आला तर शब्द उगाळायचा नाही. टाळी वाजवा, खाली बसा किंवा उलट दिशेला पळा. त्याच्या मागे मात्र धावू नका, त्याला तो पकडापकडीचा खेळ वाटतो. अगदीच वासात बुडालेला असेल तर शांतपणे जवळ जा, खाऊ नाकाशी धरा आणि वळवून आणा.

घरात जमलं म्हणून थेट गर्दीच्या बागेत सोडण्याची घाईही नडते. आधी हॉल, मग जिना, मग दुपारचं रिकामं पार्किंग, बाग सगळ्यात शेवटी. बाहेर 8-10 मीटरची लांब दोरी वापरा. ती हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, बांधा, गळ्यातल्या पट्ट्याला नको, धावत सुटल्यावर मानेला हिसका बसतो. हाताला गुंडाळूनही घेऊ नका. सरावाला पाच मिनिटं पुरतात.

खाऊ साधा नको. रोजचे कोरडे दाणे मांजराच्या वासापुढे टिकत नाहीत. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे नखाएवढे तुकडे ठेवा आणि तो पोचताक्षणी द्या. खिसा चाचपडत बसलात तर तोवर त्याने पुन्हा जमीन हुंगायला घेतलेली असते. मनुका आणि चॉकलेट अजिबात नको, कुत्र्यांना ती विषारी असतात.

आणि कितीही उशिरा आला तरी रागावू नका. एकदा वीस मिनिटं घाम गाळून झाल्यावर तो आला आणि मी त्याला जोरात दटावलं. पुढचे कितीतरी दिवस तो माझ्यापासून दोन हातांवर येऊन थांबायचा, पुढे यायचाच नाही. ते भरून काढायला महिना गेला.

साधारण सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, वयात येताना, कुत्रे शिकलेलं विसरल्यासारखे वागतात. तेव्हा पुन्हा दोरी लावा आणि जिन्यापासून सुरुवात करा. बिस्किट आता बागेत बहुतेक वेळा पहिल्या हाकेला वळतो. तरीही फाटकाबाहेर, रस्त्यालगत आणि दिवाळीच्या फटाक्यांत त्याची लीश माझ्या हातातच असते.