नोंदणीच्या फॉर्ममध्ये घुसणारे बॉट कसे रोखावेत

आमच्या ट्रेकिंग संस्थेच्या हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकला जागा ४०. शुक्रवारी रात्री नोंदणी उघडली आणि शनिवारी सकाळी बघतो तर ‘जागा संपल्या’ची पाटी लागलेली. आनंद टिकला तो यादी उघडेपर्यंत. ४० पैकी ३३ जणांच्या नावात आणि आडनावात तोच शब्द दोनदा, गावाच्या रकान्यात ‘गूगल’, मोबाइल नंबर ११ आकडी आणि रक्तगट झाडून सगळ्यांचा ए पॉझिटिव्ह, म्हणजे यादीतला पहिलाच पर्याय. दरम्यान खरी माणसे पाटी पाहून परत गेली होती.

हे ३३ जण म्हणजे बॉट, आपोआप फॉर्म भरत सुटणारे प्रोग्रॅम. बॉटला कड्यावर चढायचे नसते. त्याला प्रोफाइलमध्ये स्वतःच्या दुकानाची लिंक टाकायची असते, किंवा तुमच्या सर्व्हरकडून कुणाला तरी मेल पाठवून घ्यायचा असतो. हा दुसरा डाव चटकन लक्षात येत नाही. नावाच्या रकान्यात जाहिरात आणि लिंक भरायची, ईमेलच्या रकान्यात भलत्याच माणसाचा पत्ता द्यायचा. मग ‘नमस्कार, अमुकतमुक’ म्हणत तुमचीच संस्था ती जाहिरात त्या माणसाच्या दारात टाकून येते. म्हणून नावाच्या रकान्यात वेबपत्ता दिसला की फॉर्म नाकारायचा, हे आजच करून टाका.

बाकीचे क्रमाने. वेबसाइट सांभाळणारा कुणी भाचा किंवा मित्र असेल तर हा लेख त्याच्यासमोर ठेवा. दोन संध्याकाळींचे काम आहे.

आधी लॉग उघडा

होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमध्ये सर्व्हरचा अ‍ॅक्सेस लॉग, म्हणजे कोण कधी आले-गेले याची नोंदवही, मिळतो. माणूस आला की त्यात आधी पान मागितल्याची ‘गेट’ ओळ दिसते, मागोमाग चित्रे, फाँट, स्टाइलची फाइल, आणि दोन-चार मिनिटांनी फॉर्म पाठवल्याची ‘पोस्ट’ ओळ. आमच्याकडच्या रात्री पावणेतीनच्या नोंदींत नुसत्याच ‘पोस्ट’ ओळी होत्या. म्हणजे फॉर्म कुणी उघडलाच नव्हता. त्याचे रकाने कधीतरी टिपून ठेवले होते आणि आता बाहेरून थेट मजकूर ढकलला जात होता.

यावरचा उपाय सोपा आहे. पान उघडताना सर्व्हरने प्रत्येकाला एक वेगळे, एकदाच चालणारे टोकन (गुप्त खूणशब्द) द्यायचे आणि फॉर्मसोबत ते परत आले नाही तर नोंद घ्यायची नाही. बहुतेक तयार प्रणालींत ही सोय असते, फक्त चालू आहे का ते तपासा. आमच्याकडे बंद होती. का, ते विचारू नका.

मग सापळा लावा

फॉर्ममध्ये एक जादा रकाना घाला आणि तो स्टाइलने पडद्याबाहेर सरकवा. माणसाला तो दिसत नाही, म्हणून रिकामा राहतो. बॉट पानाचा कोड वाचतो, रकाना दिसला की भरतो. भरलेला आला, की समजायचे. रकाना पूर्ण ‘अदृश्य’ अशी खूण करून लपवू नका. थोडे हुशार बॉट ती खूण ओळखतात. टॅबची कळ दाबत जाणाऱ्याला तो लागू नये आणि अंध सभासदाच्या स्क्रीन रीडरने तो वाचू नये, एवढी तजवीज करा. तरीही कुणी पोचलाच तर रकान्याशेजारी ‘हा रिकामा ठेवा’ असे लिहिलेले असू द्या.

इथे मी स्वतः माती खाल्ली आहे. लपवलेल्या रकान्याला मी ‘दुसरा फोन’ असे नाव दिले. आमच्या एका ज्येष्ठ सभासद काकांच्या ब्राउझरने ऑटोफिलमधून तो आपणहून भरला आणि सर्व्हरने काकांना बॉट ठरवले. ‘‘अहो, तीनदा भरला फॉर्म, तीनदा धन्यवाद म्हणालात, आणि यादीत नाव नाही?’’ असा त्यांचा फोन आला तेव्हा उलगडा झाला. त्यातून दोन गोष्टी शिकलो. सापळ्याला फोन, ईमेल, पत्ता अशी ब्राउझरच्या ओळखीची नावे द्यायची नाहीत. आणि अडकलेली नोंद फेकून द्यायची नाही. ‘संशयित’ यादीत बाजूला ठेवायची.

घड्याळ

फॉर्म उघडल्यापासून पाठवेपर्यंत किती वेळ गेला ते मोजा. नाव, गाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर एवढे चार सेकंदांत कुणी भरत नाही. उघडल्याची वेळ सर्व्हरने स्वतःच्या सहीनिशी नोंदवावी, नाहीतर बॉट ती बदलून पाठवतो. उलट बाजूने मात्र मुदत सढळ ठेवा. लोक फॉर्म अर्धा भरून जेवायला जातात.

आपल्या घरचा प्रश्न

‘३ + ४ किती?’ हा प्रश्न आता कुणालाच अडवत नाही. आपल्या मंडळींनाच सहज येईल असा प्रश्न विचारा. आम्ही विचारतो, ‘हरिश्चंद्रगडावरच्या प्रसिद्ध कड्याचे नाव काय?’ भाषेचे मॉडेल जोडलेला बॉट याचे उत्तर देईलही, पण हजारो फॉर्मवर घाऊक धाडी घालणारे सहसा तेवढा खर्च करत नाहीत. कुणी उत्तर साठवून ठेवले असा संशय आला की प्रश्न बदला.

खरी मेहनत उत्तर तपासण्यात आहे. कोकणकडा, कोकण कडा, शेवटी पूर्णविराम, रोमन लिपीत तीन तऱ्हांनी, हे सगळे बरोबर धरा. ‘दऱ्या’तला ऱ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या पद्धतीत, दोन पद्धतींनी साठवला जातो, डोळ्यांना सारखा दिसतो, संगणकाला वेगळा. तुलनेआधी दोन्ही मजकूर एकाच साच्यात आणून घ्या.

याच ओघात नावाची तपासणीही पाहा. ‘फक्त अक्षरे चालतील’ असा नियम लावला की देवनागरीत नाव लिहिणारा अडकतो, कारण युनिकोडच्या हिशेबी काना, मात्रा, वेलांटी ही ‘अक्षरे’ नाहीत, त्यांचा ‘चिन्हे’ असा वेगळा गट आहे. नियमात दोन्ही गट घ्या. नाहीतर बॉट आत आणि सुनीता बाहेर.

ईमेलवरची खात्री

आमची मूळ चूक इथे होती: फॉर्म आला की जागा धरली जायची. आता मेलमधल्या लिंकवर जाऊन खात्री केल्यावरच जागा धरतो, आणि दोन तासांत खात्री झाली नाही तर नोंद आपोआप गळते. लिंक उघडताच खात्री झाली असे मात्र धरू नका. काही कचेऱ्यांची सुरक्षा-प्रणाली मेलमधल्या लिंक आधीच उघडून तपासते. लिंकवरच्या पानात ‘होय, मीच’ असे बटण ठेवा आणि ते दाबल्यावर खात्री माना.

जीमेल पत्त्यातले टिंब मानत नाही, अ.ब.क आणि अबक ही एकच पेटी. टिंबे हलवत एकच पत्ता शंभरदा नोंदवता येतो, म्हणून जीमेलपुरती टिंबे काढून तुलना करा. आणि खात्रीचा मेल एकदाच पाठवा, आठवणीचे मेल नकोत. एखाद्याची पेटी बुजवून टाकण्यासाठी त्याचा पत्ता हजारो फॉर्ममध्ये भरण्याचा प्रकार चालतो, बँकेचा इशारा त्या ढिगाऱ्यात हरवावा म्हणून. त्या ढिगात आपली भर नको.

कॅप्चा सगळ्यात शेवटी

कॅप्चा म्हणजे समोर माणूस आहे की बॉट हे ओळखणारी छोटी परीक्षा. हा शब्द २००३ साली कार्नेगी मेलनच्या मंडळींनी रूढ केला. पुढे आलेले रीकॅप्चा २००९ मध्ये गूगलने घेतले. त्याच्या जुन्या रूपात लोक वाकडीतिकडी अक्षरे ओळखत, तेव्हा नकळत जुन्या पुस्तकांचे आणि वर्तमानपत्रांचे शब्द टंकत होते. ही कल्पना मला अजूनही आवडते. पण पावसात, मोबाइलच्या पडद्यावर ‘बस असलेले चौकोन निवडा’ हा छळ आहे, आणि दिसत नसलेल्या माणसाला तर दार बंदच. शिवाय पैसे मोजून माणसांकडून कॅप्चा सोडवून घेण्याचा धंदा केव्हाच उभा राहिला आहे. वरचे सगळे करूनही लोंढा थांबला नाही तर क्लाउडफ्लेअर कंपनीचे टर्नस्टाइल हे तपासणीचे साधन घ्या. ते बहुतेकांना काही न विचारता सोडते.

हे शक्यतो करू नका

आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक, कायमचा बंद करणे. आपल्याकडच्या मोबाइल नेटवर्कवर असंख्य ग्राहक एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असतात. एक बॉट अडवायला जाल आणि अर्धा तालुका अडवून बसाल. एका पत्त्यावरून तासाला अमुक इतक्याच नोंदी, अशी तात्पुरती मर्यादा पुरे.

ओटीपीचा मोहही आवरा. एसएमएस पाठवायला भारतात डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी-यंत्रणेवर संस्थेची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते, प्रत्येक एसएमएसचे पैसे पडतात, आणि ओटीपीचे बटण उघडे असले की बॉट तेच दाबत बसतो. बिल आपल्याला.

फॉर्म गूगल फॉर्म्सवर असेल तर सापळा आणि घड्याळ लावता येत नाही. ‘एका व्यक्तीचे एकच उत्तर’ ही सेटिंग चालू करा. त्यासाठी गूगल खात्यात शिरावे लागते, त्यामुळे बराच कचरा दारातच राहतो.

आधीच घुसलेल्यांची साफसफाई करताना पहिल्यांदा बॅकअप घ्या. मग कधीच खात्री न झालेली खाती काढा. संशयास्पद नावे एकेक करून, डोळ्यांखालून घालून.

एवढे केल्यावर आमच्या संशयित यादीत रोज चार-पाच नावे उरतात. सकाळच्या चहाबरोबर ती बघतो. मागे त्यात एक ‘पाटील पाटील’ आले होते. काढून टाकणार होतो, पण नंबर दहाच आकडी होता आणि रक्तगट बी निगेटिव्ह, म्हणून फोन लावला. खरेच पाटील निघाले. ‘‘दोन्हीकडं आडनावच लिवलं व्हय? असू द्या, सीट हाय ना?’’ सीट होती.