पोरगं अमेरिकन फुटबॉल खेळणार म्हणतंय? मग हेल्मेट असं बघा

टेक्सासात ऑगस्ट आला की इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कुठल्या ना कुठल्या घरून मला फोन येतोच. "ताई, हा फुटबॉलला जायचं म्हणतोय. कुठलं हेल्मेट घेऊ?" माझा मुलगा प्लेनोमध्ये हायस्कूलकडून खेळतो, आणि हेल्मेटवाटपाच्या दिवशी बूस्टर क्लबतर्फे, म्हणजे संघाला मदत करणाऱ्या पालकांच्या गटातर्फे, मी मदतीला उभी असते, म्हणून हा मान मला.

तर ऐका. बहुतेक हायस्कुलांत हेल्मेट शाळाच देते. आपलं काम ते नीट बसतंय का आणि किती जुनं आहे, हे बघायचं.

आधी उलटं करून आतली लेबलं वाचा. खेळाच्या साहित्याची सुरक्षा-मानकं ठरवणाऱ्या नॉक्सी (NOCSAE) या संस्थेचा शिक्का हवाच. फुटबॉल हेल्मेटसाठी तिचं मानक 1973 पासून आहे. पण तो शिक्का म्हणजे पस्तीस टक्क्यांनी पास. कवटी फुटून पोरं मरत होती, ते थांबवायला ती चाचणी आली. बनावटीचं वर्ष आणि शेवटची दुरुस्ती-तपासणी कधी झाली तेही आतच लिहिलेलं असतं. दहा वर्षांहून जुनं असेल तर सरळ परत करा, तपासणी करणारे कारखानेही ते घेत नाहीत. स्वतः विकत घेणार असाल तर व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचं रेटिंग बघा. 2011 पासून ते मॉडेलवार तारे देतात. तारे जास्त ते चांगलं, पण शेजारी जो आकडा असतो तो जितका कमी तितकं बरं. लोक इथे हमखास उलटं वाचतात.

आता फिटिंग. इथे घाई नको. सीझनभर ठेवणार तेवढेच केस ठेवून न्या, आणि ते थोडे ओले करा. पुढची कड भुवयांच्या वर साधारण एक इंच, कानाची भोकं कानासमोर, गालाचे पॅड गालाला टेकलेले. चिनस्ट्रॅपची, म्हणजे हनुवटीच्या पट्ट्याची, चारही बटणं लावा. मग फेसमास्क (तोंडासमोरची जाळी) धरून डावी-उजवीकडे, वर-खाली हलवा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. नुसतंच हेल्मेट फिरलं तर ते सैल आहे. वरून दाबा आणि विचारा, "दाब कुठे लागतोय?" टाळूवर लागला पाहिजे, कपाळावर नाही. पाच ताऱ्यांचं सैल हेल्मेट काही कामाचं नाही. हवेचे पॅड असतील तर थंडी पडल्यावर ते आकसतात आणि हेल्मेट सैल होतं, तेव्हा नोव्हेंबरात पुन्हा बघा. आणि मनाने स्टिकर, रंग, थिनर काही लावायचं नाही. साधा साबण आणि पाणी पुरे.

इतकं करूनही कन्कशन, म्हणजे डोक्याला हिसका बसून मेंदूला होणारी इजा, होऊ शकतं, हे लक्षात ठेवूनच पोराला मैदानावर सोडा. स्टीलचा डबा कितीही भक्कम असो, आतलं ताक हिंदकळायचं थांबत नाही. डोकं झटक्यात वळलं की मेंदू आत पिळवटतो, आणि तो पीळ पॅडने फारसा अडत नाही. "कन्कशन-प्रूफ" म्हणून कोणी काही विकायला आलं तर पैसे खिशातच ठेवा. माउथगार्ड दातांसाठी असतं. 2012 मध्ये एका माउथगार्ड कंपनीला असले दावे बंद करायला सरकारी आयोगानेच लावलं.

खरी अडचण अशी की पोरं लपवतात. बेशुद्ध पडला नाही म्हणजे काही झालं नाही, असं नसतं. बहुतेक कन्कशनमध्ये शुद्ध जातच नाही. मॅचनंतर गाडीत स्कोअर विचारू नका, तिसऱ्या क्वार्टरमध्ये काय झालं ते विचारा. आठवत नसेल, उजेड सोसत नसेल, मळमळत असेल, विनाकारण चिडत असेल तर लगेच शाळेच्या ट्रेनरला (खेळाडूंच्या दुखापती बघणाऱ्याला) फोन. डोकेदुखी वाढतच गेली, सारख्या उलट्या, झटके, जीभ अडखळणं, डोळ्याची एक बाहुली मोठी, उठवूनही उठत नाही, यातलं एकही दिसलं तर थेट 911.

आणि हे बऱ्याच आईबापांना ठाऊक नसतं. टेक्सासच्या 2011 च्या कायद्यात कन्कशनचा संशय घ्यायचा अधिकार कोच आणि डॉक्टरांइतकाच पालकांनाही आहे. तुम्ही म्हणालात की त्याला बाहेर काढावंच लागतं, आणि त्या दिवशी तो परत उतरू शकत नाही. कोच रागावेल, मुलगा आठवडाभर बोलणार नाही. नाही बोलला तरी चालेल. डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय कोच त्याला खेळवू शकत नाही. मंडळात डॉक्टरांना तोटा नाही, पण ओळखीच्या हृदयरोगतज्ज्ञाकडून चिठ्ठी आणू नका. कन्कशन बघणाऱ्याकडेच जा. पुढे आधी शाळा, मग हलकं पळणं, मग टक्कर नसलेला सराव, असं पायरीपायरीने चढायचं, प्रत्येक पायरीला निदान 24 तास. त्रास पुन्हा सुरू झाला तर एक पायरी खाली. शुक्रवारी होमकमिंगची, म्हणजे शाळेच्या वर्षातल्या मोठ्या सोहळ्याची, मॅच असली तरीही.