ग्रीन ट्री पायथनच्या पिल्लांचा रंग: बदल कसा नोंदवावा, वारसा कसा ताडावा

ग्रीन ट्री पायथन म्हणजे झाडावर राहणारा हिरवा अजगर. त्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा ते पिवळं असतं किंवा विटकरी-तांबडं, हिरवं नसतं. एकाच खेपेच्या अंड्यांतून दोन्ही रंगांची पिल्लं निघू शकतात. न्यू गिनीच्या उत्तरेकडच्या बियाक बेटावरच्या सापांत दोन्ही दिसतात, तर न्यू गिनीच्या दक्षिणेकडची अरू बेटं आणि ऑस्ट्रेलियातल्या केप यॉर्कच्या सापांची पिल्लं पिवळीच असतात. वर्षा-दोन वर्षांत बहुतेक सगळी हिरवी होतात आणि जन्माचा रंग पुसला जातो. तांबडा जन्मलेला आणि पिवळा जन्मलेला नर शेजारी ठेवला तर नुसत्या नजरेनं फरक सांगता येत नाही. म्हणून पैदास करायची असेल तर जन्माच्या रंगाची नोंद पहिल्या दिवसापासून हवी. ती नसेल तर पुढे वारशाबद्दल फक्त अंदाजच बांधता येतात.

रंग नेमका कुठे बदलतो

'पुढची कात टाकली की हिरवा होईल' असं सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. रंगाच्या पेशी कातीखालच्या जिवंत त्वचेत असतात आणि बदल तिथे रोज थोडा थोडा चालू असतो. काढलेली कात उजेडासमोर धरून पाहा: नक्षीची फिकट छाया दिसेल, पिवळा किंवा हिरवा रंग दिसणार नाही. कात टाकायच्या आधी अंगाचा रंग मळकट आणि डोळे दुधाळ होतात, नंतर एकदम उजळपणा येतो, आणि त्यामुळे रंगानं उडी मारल्यासारखं वाटतं.

हिरवा असा वेगळा रंग या सापाच्या अंगात नसतो. वरच्या पेशींत पिवळं रंगद्रव्य, त्याखाली निळा प्रकाश परतवणारे सूक्ष्म स्फटिक आणि सर्वांत खाली उरलेला प्रकाश शोषणारं काळं मेलॅनिन, अशी रचना असते. पिवळ्यातून निळा दिसला की हिरवा. अल्कोहोलमध्ये ठेवलेले हिरवे साप कालांतरानं निळे पडतात ते याचमुळे: पिवळं द्रव्य विरघळतं, स्फटिक तसेच राहतात. ही रचना डोक्यात ठेवली तर पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

नोंदीची पद्धत

सुरुवात दांडीपासून करा, म्हणजे साप ज्यावर वेटोळं घालून बसतो त्या आडव्या काठीपासून. पिल्लाला दांडीवरून सोडवून हातात घ्यायचं नाही. शेपटीचा भाग नाजूक असतो आणि ओढाताणीत मणक्याला कायमची इजा होते. त्यामुळे डब्यातली दांडी अलगद उचलून बाहेर काढता येईल अशी बसवा. नुकत्या निघालेल्या पिल्लाला ४ ते ६ मिलिमीटर जाडीची दांडी पुरते. पुढे सापाचं अंग मध्यभागी जितकं जाड, साधारण तितकी दांडी.

प्रत्येक पिल्लाला अंड्यातून निघाल्याच्या दिवशी क्रमांक द्या, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर दांडीसकट वजन करून दांडीचं वजन वजा करा आणि चार फोटो घ्या: वरून पूर्ण वेटोळं, डोक्याची डावी बाजू, उजवी बाजू, आणि पाठीच्या मधल्या भागाचा अगदी जवळून. अंड्यातच मेलेल्या पिल्लांचा रंगही लिहा. हे टाळलं जातं आणि तिथेच तांबड्या-पिवळ्यांचं प्रमाण बिघडतं. मुख्य आधाराचे फोटो मात्र पहिली कात पडल्यानंतरचे धरा, कारण त्याआधीचा रंग धूसर असतो.

फोटोंची तुलना करायची असेल तर प्रकाश बदलता कामा नये. एकच दिवा, त्यावर पांढरं झिरझिरीत आवरण, मागे न चमकणारा राखाडी कागद, कॅमेऱ्याचं अंतर ठरलेलं, व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग जुळवणारी कॅमेऱ्यातली सोय) हाताने कायम केलेला. आपोआप रंग सुधारणारा फोन पिवळ्याला हिरवट करतो आणि वर्षभराची मेहनत वाया जाते. फोटो नेहमी दिवसाच्या एकाच वेळी घ्या. डोळे दुधाळ असतील तर तो आठवडा सोडून द्या.

बदल सुरू होईपर्यंत महिन्यातून एकदा पुरे. पहिला हिरवट खवला दिसला की दर आठवड्याला. 'निम्मा हिरवा झाला' अशा शब्दांत लिहू नका. पाठीवरची एखादी ठळक पांढरी खूण निवडा, तिच्याशेजारचे १०० खवले फोटोत मोजा आणि पिवळे किंवा तांबडे किती, पूर्ण हिरवे किती, मिश्र किती ते लिहा. जवळून पाहिलं तर एकाच खवल्यावर दोन छटा सापडतात, तो मिश्र. खूण पुसट होत गेली तर लागोपाठच्या आठवड्यांचे फोटो शेजारी लावून जागा सापडते. पिवळ्या पिल्लांत हिरवे खवले विखरून उगवतात. तांबडी पिल्लं बहुधा आधी तपकिरी किंवा मळकट नारिंगी होतात, मग हिरवी. हा मधला टप्पा दिसायला अगदी वाईट असतो आणि त्याला आजार समजून तापमान वाढवण्याची चूक अनेकदा होते.

किती दिवस लागतात

पाळलेल्या सापांत सुरुवात साधारण ६ ते १२ महिन्यांत होते. काहींचं काम काही आठवड्यांत उरकतं, काहींना बरेच महिने लागतात. बियाकचे साप पिवळे ठिपके वर्षानुवर्षं बाळगतात. केप यॉर्कमधल्या अभ्यासात, जो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, हा बदल ५३ ते ५९ सेंटिमीटर लांबीला, म्हणजे सुमारे एका वर्षाच्या वयात, होताना दिसला. पिवळी पिल्लं जंगलाच्या कडेला आणि मोकळ्या जागेत जमिनीलगत शिकार करतात, हिरवे प्रौढ झाडांच्या वरच्या पानांत जातात. म्हणजे रंग जागेला साजेसा असतो. म्हणून वयासोबत लांबी आणि वजनही लिहा. रंग लवकर यावा म्हणून जास्त खाऊ घालू नका. मोठा घास आणि कमी पाणी यांतून गुदद्वार बाहेर येण्याचा त्रास या सापांच्या पिल्लांना होतो, आणि तो जिवावर बेततो.

वारसा ताडताना

अल्बिनो हे एकच सोपं उदाहरण. तो गुण अप्रभावी आहे: दोन्ही पालकांकडून आला तरच दिसतो. मेलॅनिन नसल्यानं असा साप मोठेपणीही पिवळाच राहतो. दोन वाहक (गुण अंगात असूनही न दिसणारे साप) जोडले तर प्रत्येक अंड्यात अल्बिनोची शक्यता २५ टक्के. १२ पिल्लांत एकही अल्बिनो न निघण्याची शक्यता ३ टक्क्यांच्या आसपास उरते, त्यामुळे एक खेप कोरी गेली म्हणून जोडी लगेच बाद करू नका. संशयित वाहकाला अल्बिनोशीच जोडलं तर चाचणी पक्की होते: ८ पिल्लं निघाली आणि सगळी साधी असली, तर तो वाहक असण्याला फारसा वाव राहत नाही, कारण वाहकाकडून असं २५६ खेपांत एकदाच घडेल.

भरपूर पिवळा, निळा, काळे ठिपके हे गुण असे चौकटीत बसत नाहीत. त्यामागे अनेक जनुकं असतात. पिल्लं साधारणपणे आई-बापांच्या मधोमध पडतात, पण फरक मोठा असतो. निळ्या ओळीतल्या पिल्लांपैकी कोणतं निळं होईल हे जन्मदिवशी कळत नाही. जो सांगतो तो विकतो आहे. निवड ३-४ वर्षांच्या फोटोंवरून करा. तांबड्या-पिवळ्याच्या प्रमाणावरून सूत्र काढण्याची घाईही नको: १६ पिल्लांत ९ विरुद्ध ७ हा निकाल ३:१ मध्येही बसतो आणि १:१ मध्येही.

दोन गोष्टी हमखास फसवतात. पहिली, अंडी पोटात असलेली मादी निळी पडते. अंडी घातल्यावर काही माद्या पुन्हा हिरव्या होतात, काही निळसरच राहतात. हा निळा रंग संप्रेरकांचा आहे, निळ्या वंशाचा पुरावा नव्हे. मादीचे पहिल्या विणीच्या आधीचे फोटो मागा.

दुसरी गोष्ट कागदांची. इंडोनेशियातून 'पिंजऱ्यात जन्मलेले' म्हणून निर्यात होणाऱ्या ग्रीन पायथनांपैकी सुमारे ८० टक्के जंगलातून धरलेले असावेत, असं २०११ च्या अभ्यासात आढळलं. अशा सापाचे आई-बाप कोण, हे कोणालाच ठाऊक नसतं आणि बेटाचं नावही तोंडीच. त्यात २०२० पासून न्यू गिनीच्या उत्तरेकडचे साप स्वतंत्र जात धरले जातात, तेव्हा बियाक आणि अरू यांची जोडी म्हणजे दोन जातींचा संकर. वंशावळीच्या तक्त्यात 'सांगितलेलं ठिकाण' आणि 'नोंदीनं सिद्ध ठिकाण' असे दोन वेगळे रकाने ठेवा. दुसरा बहुतेक वेळा कोराच राहील.