घरातल्या माणसाचं व्यसन कसं ओळखायचं आणि त्याला डॉक्टरपर्यंत कसं न्यायचं

आमच्या दिरांचं सगळं निस्तरल्यापासून इथे इंदूरमध्ये रामबाग, लोकमान्य नगर, सुदामानगर, कुठूनकुठून फोन येतात, आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ताई, ह्यांची दारू सोडवायचीय. ती तुम्हाला सोडवता येत नाही हो. तुमच्या हातात एकच काम आहे, माणसाला एकदा ओपीडीत नेऊन बसवायचं. हा लेख तेवढ्याच कामाचा आहे.

आधी ओळखायचं. किती पितो, कुठली पितो, स्वतःच्या पैशाने पितो का, रोज ऑफिसला जातो का, ह्यावरून काही कळत नाही. वेळेवर ऑफिसला जाणारे पक्के व्यसनी मी भरपूर बघितलेत. बघायचं ते हे: स्वतः ठरवलेली मर्यादा त्याला पाळता येते का, पूर्वीइतक्याच नशेला आता जास्त लागते का, मिळाली नाही तर तब्येत बिघडते का, आणि नोकरी, लिव्हर, बायको सगळं पणाला लागलंय तरी चालूच आहे का. सकाळी हात थरथरतात, घाम येतो, आणि घोटभर घेतली की बरं वाटतं, असं असेल तर शंका ठेवूच नका. पोरांच्या बाबतीत दारूच्या वासावर विसंबू नका. ब्राउन शुगर म्हणजे भेसळीचं हेरॉइन, त्यालाच पावडर म्हणतात; पावडरवाल्याकडे जळलेली फॉइलची पन्नी सापडते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, आणि माल मिळाला नाही की जांभया, वाहणारं नाक, अंगदुखी. झोपेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, कफ सिरपच्या बाटल्या, लहान मुलांच्या खिशात पंक्चरचं सोल्युशन, हेही बघून ठेवा. पण खोल्यांची झडती घेत बसू नका, पुरावा गोळा करून कोणी बरं होत नाही.

आता बोलणं. सगळे इथेच अडकतात, आणि मलाही हे जमायला बराच काळ गेला.

लोक काय करतात, तर रविवारी मामा, काका, मोठे जावई असे सगळे बोलावतात, त्याला मधे बसवतात, आई रडते, वडील 'घराण्याचं नाव' काढतात, आणि शेवटी खजराना गणपतीसमोर शपथ घ्यायला नेतात. माणूस शपथ घेतो. त्या क्षणी ती खरीच असते. चार दिवसांनी मोडली की आता व्यसनाच्या जोडीला देवाला फसवल्याची शरमही येते, आणि शरम आली की तो ती बुडवायला परत तिथेच जातो. मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ तर अजिबात नको, त्या मुलांनी काय करायचं मग?

एकाच माणसाने बोलायचं. ज्याचे त्याने पैसे घेतलेले नाहीत आणि ज्याने आजवर लेक्चर दिलेलं नाही असा. बायको बहुतेक वेळा ह्या कामाला चालत नाही, ती इतकी दमलेली असते की तिसऱ्या वाक्याला जुनं सगळं बाहेर येतं आणि त्यात तिची काही चूक नाही. आमच्याकडे भाऊजी माझं ऐकायचे कारण मी कधी त्यांच्या बाटल्या मोजल्या नव्हत्या. तो मारहाण करत असेल तर मात्र हे बोलणं राहू द्या, आधी स्वतःची आणि मुलांची सोय बघा, महिलांसाठी १८१ आहे आणि लगेच मदत लागली तर ११२.

वेळ: प्यालेला असताना कधीच नाही, आणि सकाळी हात थरथरत असतानाही नाही. अधली वेळ शोधा, चहा पिताना, गाडीवरून जाताना, समोरासमोर न बसता. सांगायचं ते फक्त तुम्ही डोळ्यांनी बघितलेलं: मंगळवारी आईची औषधं आली नाहीत, काल तुम्ही जिन्यात पडलात. बेवडा, नालायक, तुझ्या बापाचंही हेच, असले शब्द आले की संपलं. आणि मग मागायचं काय, तर दारू सोड असं म्हणायचंच नाही. एकदा डॉक्टरकडे चल, एवढंच. झोप लागत नाही, पित्त होतं, हात थरथरतात, ह्यातलं त्याला स्वतःला जे नको झालंय ते धरा आणि म्हणा, तेवढ्यासाठी चल, डॉक्टर दारूचंही विचारतील, खरं काय ते सांग. लग्नाला जायचंय म्हणून गाडीत बसवून थेट सेंटरच्या दारात उतरवणारे लोक असतात, त्यांच्यावर तो माणूस पुन्हा भरवसा ठेवत नाही.

तो म्हणेल, मी कधीही सोडू शकतो. वाद घालू नका. 'बरं, मग हेच डॉक्टरांना सांग' म्हणा आणि गप्प बसा. नाही म्हणाला तर सोडून द्या, कावीळ, अपघात, नोकरीतली नोटीस असं काही घडलं की तो स्वतःच घाबरलेला असतो, तेव्हा परत विचारा. ओपीडीची वेळ मात्र आधीच माहीत करून ठेवा, कारण हो आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं. सोमवारपासून वगैरे काही नाही.

सोड म्हणू नका हे मी एवढं ताणते त्याला अजून एक कारण आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर साधारण ६ तासांनंतर थरथर सुरू होते, पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, नसलेलं दिसणं, ताप, आणि ह्यात माणूस जाऊ शकतो. झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. खोलीत कोंडून बंद करायला लावणाऱ्या काकांना हे वाचून दाखवा. 'मग काय आपणच प्यायला द्यायची का?' विचारतात लोक. आणून देऊ नका, पण डॉक्टर बघेपर्यंत कोंडू नका, हिसकावून घेऊ नका. फिट आली किंवा बरळायला लागला तर १०८ बोलवा. दवाखान्यात औषधं आणि बी-१ व्हिटॅमिन देऊन हेच सुरक्षितपणे होतं.

आणि ती दारू सोडवायला भाजीत गुपचूप घालायची पावडर! त्यात बऱ्याचदा काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. डायसल्फिराम, म्हणजे वर दारू घेतली की त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध, असेल आणि त्यावर माणूस प्यायला तर उलट्या, बीपी पडणं, हृदयावर ताण. हे औषध माणसाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीतच द्यायचं असतं.

कुठे न्यायचं: एमवायची, म्हणजे इंदूरच्या सरकारी महाराजा यशवंतराव हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी, बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय, किंवा ओळखीचा मानसोपचारतज्ज्ञ. नुसतं विचारायचं असेल तर टेली-मानस १४४१६, आणि नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६. मराठीत बोललं तर खुलतो असा माणूस असेल आणि पुण्यात कोणी असेल तर १९८६ सालापासून चालू असलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे.

खाजगी सेंटरमध्ये ठेवणार असाल तर आधी आत जाऊन बघा. मानसोपचारतज्ज्ञ खरंच येतात का, घरचे भेटू शकतात का. साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात बंदी आहे, 'पहिला महिना कोणालाच भेटू देत नाही' म्हणाले की मी तरी उठून येते.

पावडरवाल्यांच्या घरी पोलिसांची भीती असते. कमी प्रमाणातल्या सेवनासाठी, सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी स्वतःहून उपचार घेणाऱ्याला एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४ए मध्ये खटल्यापासून संरक्षण आहे, घाबरून घरी बसवू नका.

उधाऱ्या फेडणं बंद. ऑफिसला 'ताप आलाय' फोन करणं बंद.

तो घेतो त्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या ओपीडीत घेऊन जा, आणि डॉक्टरांनी त्याला विचारलं की तुम्ही उत्तर देऊ नका. महिनाभर बंद असलेल्या पावडरवाल्याने जुन्याच प्रमाणात घेतली तर ती जिवावर बेतते, कारण शरीराची सवय गेलेली असते, हे त्याला सुट्टी मिळायच्या आधी डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. परत प्यायला लागला तर परत तीच ओपीडी. जुना पर्चा फेकू नका, आधी कुठल्या औषधाने काय झालं ते त्यावरच असतं.