पुदिन्याचा चहा उकळू नका, झाकून ठेवा

पुदिना पाण्यात टाकून खळखळ उकळला की वास घरभर पसरतो आणि कपात उरतं हिरवट, कडसर पाणी. पोटातल्या गॅसवर किंवा जेवणानंतरच्या जडपणावर ज्याच्यासाठी हा चहा प्यायचा, ते सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं.

१. एक कप पाणी उकळा, गॅस बंद करा.
२. १०-१२ ताजी पानं धुऊन तळहातावर हलकेच चुरडा. बोटांना वास लागला की पुरे, लगदा करू नका. वाळलेली पानं असतील तर एक छोटा चमचा.
३. पानं पाण्यात टाकून लगेच घट्ट झाकण ठेवा. ७ ते १० मिनिटं अजिबात उघडू नका.
४. झाकण उचलल्यावर आतल्या बाजूला जमलेले थेंब कपातच झटका. खरा वास त्या थेंबांत असतो! मग गाळा.

आता झाकण काढताच पुदिन्याचा वास थेट नाकात येतो. सर्दीत तर तेवढ्यानेही बरं वाटतं. हीच पद्धत तुळस आणि गवती चहालाही लागू पडते. आल्याचं मात्र वेगळं, ते थोडं उकळावंच लागतं.

छातीत जळजळ होत असेल, आंबट पाणी वर येत असेल तर हा चहा टाळा. पुदिन्याने अन्ननलिका आणि जठर यांमधली झडप सैल पडू शकते आणि त्रास वाढतो. तान्ह्या बाळांनाही देऊ नका.